वॉकमन की आयपॉड?

काल कट्ट्यावर पिंट्यानं ठिणगी टाकली. "खिशातलं संगीत खरं सुरू झालं ते २००१ मध्ये, आयपॉडपासून. पाच जीबी, हजार गाणी!"

अण्णा उसळलेच. "अरे, खिशातला ट्रान्झिस्टर १९५४ मध्येच आला होता अमेरिकेत. रीजन्सी टीआर-१."

"त्यावर स्टेशनवाला लावेल तेच ऐकायचं, अण्णा. आपल्या मनाचं कुठे?"

हे मला पटलं, आणि म्हणूनच माझं मत वॉकमनला. १ जुलै १९७९ ला सोनीनं तो जपानमध्ये आणला तेव्हा कॅसेट काही नवी नव्हती. फिलिप्सनं ती १९६३ मध्येच काढलेली. पत्रकारांसाठी सोनीचा प्रेसमन नावाचा छोटा रेकॉर्डर होता. त्यातलं रेकॉर्डिंग आणि स्पीकर काढला, स्टिरिओ आवाज आणि हलका हेडफोन दिला. रेकॉर्डिंगच होत नाही ते यंत्र घेणार कोण, असं कंपनीतलेच म्हणत होते. सोनीचे सहसंस्थापक अकिओ मोरिता हटले नाहीत.

"आणि पहिल्या मॉडेलला दोन हेडफोन लावता यायचे," सुमी म्हणाली. "नारिंगी बटण दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि माइकवरून एकमेकांशी बोलता यायचं."

एकट्यानंच ऐकत बसणं उद्धटपणाचं दिसेल, ही मोरितांची काळजी. या यंत्राबद्दल मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

"सगळं श्रेय सोनीला देऊ नकोस हां," पिंट्या हटेना. "आंद्रेआस पावेल नावाच्या संशोधकानं १९७७ मध्येच इटलीत स्टिरिओबेल्टच्या, म्हणजे अंगावर बाळगायच्या कॅसेट प्लेअरच्या, पेटंटसाठी अर्ज केला होता. किती वर्षं भांडला बिचारा, तेव्हा कुठे सोनीनं तडजोड केली."

खरं आहे, त्याचं नाव घ्यायलाच हवं. पण मग आयपॉडलाही तोच न्याय लाव की! कोरियाचा एमपीमॅन हा एमपी३ प्लेअर १९९८ मध्येच आला होता. ३२ एमबीत जेमतेम अर्ध्या तासाची गाणी मावायची, एवढंच. ॲपलला तोशिबाची १.८ इंची हार्ड डिस्क मिळाली आणि अडचण सुटली.

"कॅसेटची बाजू उलटायचा त्रास तरी गेला ना?"

"त्या त्रासापायी अख्खी बाजू ऐकली जायची," अण्णा म्हणाले. "नावडतं चौथं गाणंसुद्धा. दहाव्यांदा ऐकल्यावर तेच आवडायला लागायचं."

यावर पिंट्या गप्प झाला. मला मात्र अशी तीन-चार गाणी लगेच आठवली.