पिंजरा लावण्याच्या आधीचे प्रश्न

नाशिक शहरात किंवा निफाड, सिन्नर, दिंडोरी या तालुक्यांत बिबट्या दिसला की पहिली मागणी पिंजऱ्याची होते. ज्यांच्या घरातले मूल किंवा गोठ्यातले वासरू गेले आहे, त्यांच्या भीतीविषयी आणि संतापाविषयी मला एक शब्दही उणा बोलायचा नाही. पिंजरा लावावाच लागतो, अशीही वेळ येते. परंतु हा बिबट्या इतके दिवस उसात काय खाऊन जगला, हे त्या गर्दीत कोणी विचारत नाही, आणि आपल्या जिल्ह्यातील निसर्गाविषयीची सगळी चर्चा माझ्या मते नेमकी येथेच अडते. एखाद्या प्राण्याचा उपद्रव होऊ लागला की आपण त्या प्राण्यापुरते पाहतो. त्याला अन्न आणि आडोसा पुरवणारे जे जाळे आपणच बदलून ठेवले आहे, त्याकडे पाहत नाही.

आपल्याला लागून असलेल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार बिबट्यांच्या आहाराचा सुमारे 87 टक्के भाग पाळीव व गावाभोवतीच्या प्राण्यांचा होता, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के होता. कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला, त्याने बारमाही आडोसा दिला. ढाब्यांच्या आणि मटणाच्या दुकानांच्या उघड्या कचऱ्यावर मोकाट कुत्री पोसली गेली. एक बिबट्या पकडून नेला तरी ऊस आणि कुत्री जागेवरच राहतात, त्यामुळे रिकामी झालेली जागा पुढे दुसरा बिबट्या घेतो. म्हणूनच कचऱ्याचे व्यवस्थापन हा मला वनखात्याच्या कामाइतकाच बिबट्याचा प्रश्न वाटतो.

कुत्र्यांच्या वाढीचा एक धागा थेट त्र्यंबकेश्वरजवळच्या अंजनेरीच्या, गिधाडांची घरटी असलेल्या कड्यांपर्यंत जातो. पूर्वी गावाबाहेर टाकलेले मेलेले जनावर गिधाडांचा थवा पाहता पाहता साफ करीत असे. 1990 नंतर ही गिधाडे देशभर इतक्या वेगाने नाहीशी झाली की पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या 2007 पर्यंत 99 टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांच्या दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे स्वस्त औषध त्यास कारण असल्याचे 2004 मध्ये सिद्ध झाले. औषध दिलेले जनावर थोड्याच दिवसांत दगावले आणि गिधाडांनी ते खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. यातली सर्वांत विचार करायला लावणारी बाब अशी, की एवढ्या संहारासाठी फार मृत जनावरे दूषित असावी लागत नव्हती; शंभरातल्या एकापेक्षाही कमी जनावरात घातक प्रमाणात औषध असले तरी ते पुरेसे होते. एकाच जनावरावर अनेक गिधाडे उतरतात, आणि गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे ही हानी भरून निघणे शक्यच नव्हते.

याची किंमत माणसांनीही मोजली. गिधाडांच्या वाट्याचे मांस कुत्र्यांना आणि उंदरांना मिळाले, तसेच मृत जनावरे कुजत राहून पाणी दूषित होऊ लागले. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असा अंदाज मांडला आहे की, 2000 ते 2005 या काळात गिधाडे नाहीशी झाल्यामुळे भारतात सुमारे पाच लाख अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गुरांवर डायक्लोफिनॅक वापरण्यास 2006 मध्ये बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी वापरल्या जात, म्हणून 2015 मध्ये कुपीचा आकार 3 मिलीलिटरवर आणला गेला. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक या गिधाडांना घातक असलेल्या इतर वेदनाशामकांवरही गुरांसाठी बंदी आली. ज्या जिल्ह्यातील टाकेदला आपण जटायूचे स्थान म्हणून श्रद्धेने जातो, त्याच जिल्ह्यात अंजनेरीच्या कड्यांवर आजही लांब चोचीची गिधाडे घरटी करतात आणि हरसूलजवळच्या खोरीपाड्याला गावकरी व वनखाते मिळून त्यांच्यासाठी मृत जनावरे ठेवतात. खोरीपाड्याच्या ग्रामस्थांविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु तेथे येणारे गिधाड त्याच एका जागेवर जेवत नाही. ते शेकडो किलोमीटर फिरते, आणि वाटेतल्या कोणत्याही गावातले एक चुकीचे इंजेक्शन त्याला पुरते.

द्राक्षबागांत हीच गोष्ट लहान आकारात चालते. पिठ्या ढेकूण ही वेलीचा रस शोषणारी कीड खोडाच्या सुटलेल्या सालीखाली दडते, तिच्या अंगावर मेणचट आवरण असते, त्यामुळे फवारणी तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. तिला खाणारा क्रिप्टोलेमस हा ढालकिडा आणि तिच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या मात्र उघड्यावर फिरतात आणि त्याच फवारणीत आधी मरतात. पिठ्या ढेकणाने सोडलेल्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या येतात, त्या त्याचे शत्रूंपासून रक्षण करतात, आणि घडावर काळी बुरशी चढते. मग पुढची फवारणी. बांधावरची बाभूळ आणि निंब तोडल्यावर कीटक खाणाऱ्या कोतवाल आणि वेड्या राघूला बसायलाही जागा उरत नाही. यासाठी बागायतदाराला दोषी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. एका हंगामात घड हातचा गेला तर पुढची कित्येक वर्षे कर्ज फिटत नाही. तरीही 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षे नाकारली गेली, तेव्हा हाच शेतकरी फवारणीच्या नोंदींविषयी आणि शेवटची फवारणी ते काढणी यांतल्या ठरलेल्या कालावधीविषयी किती काटेकोर झाला, हे आपण पाहिले आहे. दूरच्या ग्राहकाच्या पोटाचा हिशेब ठेवता येतो, तर बागेतल्या ढालकिड्याचाही ठेवता येईल. औषध विकणाऱ्याने ते मित्रकीटकांना किती घातक आहे हे सांगितलेच पाहिजे, अशी मागणी आपल्या संघटनांनी करावी.

गोदावरीविषयी थोडक्यात लिहितो. शहराच्या सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हे पाणवेलींचे, म्हणजे जलपर्णीचे, खत आहे. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या वनस्पतीला रोखणारे तिचे मूळचे कीटक आपल्याकडे नव्हते. तिच्या थराखाली उजेड पोहोचत नाही, प्राणवायू घटतो, पाण्यातली शेवाळे आणि बुडीत वनस्पती मरतात, आणि त्यांवर जगणारे वारकरी पक्षी, गोगलगायी व मासे उपाशी राहतात. हे पाणी पुढे नांदूर मधमेश्वरला जाते, जे 2020 मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. यंत्राने पाणवेली काढणे आवश्यक आहे, परंतु सांडपाणी तसेच येत राहिले तर ते काम दरवर्षी नव्याने करावे लागते. 2027 च्या सिंहस्थासाठी गोदाकाठी मोठा खर्च होणार आहे. त्यातला पहिला रुपया घाटांच्या फरशीपूर्वी सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद काढण्यावर पडावा, असे माझे ठाम मत आहे.

गुरांच्या दुखण्यावर, गिधाडांना अपाय न करणारे मेलोक्झिकॅम हे औषध उपलब्ध आहे. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा आणि इगतपुरी तालुक्यांतील पशुपालकांना व पशुवैद्यकांना माझी विनंती आहे, की आपल्या गावच्या औषध दुकानात ते सहज मिळते का, त्याऐवजी कोणते इंजेक्शन दिले जाते आणि मेलेले जनावर कोठे टाकले किंवा पुरले जाते, हे या पोस्टखाली लिहावे. माहिती जमली की ती एकत्र करून जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाकडे आणि वनखात्याकडे निवेदनासोबत देण्याचे काम मी करीन.