शिक्क्याखालचं वाचायचं राहिलं

हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. सोलापूरच्या कंबर तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या ग्रुपवर तो पंधरा दिवसांत चारदा आला, माहेरच्या ग्रुपवर दोनदा, आणि बचत गटाच्या ग्रुपवर तर आमच्यातल्याच एका ताईंनी टाकला. मजकूर थोडक्यात असा: "पाकिटावर एफएसएसएआयचा शिक्का असला की त्यावरचा शब्द न् शब्द सरकारने तपासलेला असतो, डोळे झाकून घ्या. शुगर फ्री बिस्किटं शुगरवाल्यांना कितीही चालतात. कोलेस्ट्रॉल फ्री तेल वापरा, हृदयाची काळजी सोडा. ज्वारीची, प्रोटीनची बिस्किटं भाकरीपेक्षा पौष्टिक. बिनलेबलची शेंगाचटणी आणि कडक भाकरी मात्र बंद करा, त्यात काय असतं ते कुणालाच ठाऊक नसतं." खाली जोडलेले हात आणि 'जनहितार्थ'.

मी शेंगाचटणी विकते. शेवटचं वाक्य मला झोंबलं, हे आधीच सांगून टाकते. पण आमच्या गटाने चटणी सुटी न विकता पाउचमध्ये भरायची ठरवली तेव्हा लेबलाचे नियम मला ओळीने वाचावे लागले होते. पाकिटावर केलेल्या दाव्यांचे नियम २०१८ चे आहेत, लेबलाचे २०२० चे. ते वाचल्यावर या फॉरवर्डमधलं एकही वाक्य जसंच्या तसं गळी उतरत नाही.

पहिलं, एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, शिक्का म्हणजे तपासलेला माल, हे. शिक्क्याबरोबर चौदा आकडी नंबर असतो. त्याचा पहिला आकडा १ असेल तर तो परवाना, २ असेल तर नोंदणी. वर्षाची उलाढाल ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर नोंदणीवर भागतं. आमचं तसंच आहे. हा नंबर एवढंच सांगतो की माल कोण बनवतंय, कुठे बनवतंय, याची सरकारदरबारी नोंद आहे. आमची नोंदणी झाली तेव्हा चटणीच्या पाकिटावर काय छापणार हे मला कुणी विचारलं नाही, आणि विचारायचं कारणही नव्हतं. लो फॅट, हाय फायबर, शुगर फ्री हे नेहमीचे दावे छापण्याआधी कुणाकडे मंजुरीला पाठवावे लागत नाहीत. प्रत्येक दाव्यामागे नियमात आकडा ठरलेला आहे. तो पाळायचा आणि पुरावा जवळ ठेवायचा, ही बनवणाऱ्याची जबाबदारी. अन्न सुरक्षा अधिकारी नमुना उचलतात ते माल बाजारात आल्यावर. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पण तोही नंतरच. रिक्षाला परमिट आहे म्हणून रिक्षावाला मागेल ते भाडं बरोबर, असं सात रस्त्यावर उभं राहून कुणी म्हणतं का?

आणि सगळंच आधी तपासलेलं असतं तर २०२४ च्या जूनमध्ये एफएसएसएआयला आदेश काढावा लागला नसता. आटवलेल्या रसात पाणी मिसळून बनवलेल्या पेयांवर 'शंभर टक्के फळांचा रस' असं छापलेलं होतं, ते काढा म्हणून सांगितलं. तोवर ती खोकी दुकानांत होतीच, आणि शिक्काही त्यांच्यावर होताच.

आता शुगर फ्री. इथे जरा थांबते, कारण हे आमच्या घरातच घडलंय. सासऱ्यांना, म्हणजे आमच्या अण्णांना, बारा वर्षांपासून शुगर आहे. चहा बिनसाखरेचा झाला, भात वाटीभरावर आला. मग मुंबईहून आलेल्या नातवाने शुगर फ्री बिस्किटांचे पुडे आणले आणि अण्णांचा मोकळा श्वास सुरू झाला. सकाळी चार, दुपारी चार, रात्री झोप येत नाही म्हणून आणखी दोन. जेवणानंतरची साखर वाढली तेव्हा घरात सगळ्यांनी एकमेकांच्या स्वयंपाकाला दोष दिला.

मी पुडा उलटा केला. घटकांत पहिलं नाव मैदा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे पुड्यात सगळ्यात जास्त मैदाच होता. पोषणाच्या तक्त्यात साखर शून्य, आणि त्याच्याच वरच्या ओळीत कार्बोहायड्रेट १०० ग्रॅममागे साठाच्या वर. शुगर फ्री या शब्दाचा नियमातला अर्थ इतकाच आहे की १०० ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नाही. साखर म्हणजे इथे नेहमीची साखर, ग्लुकोज, फ्रुक्टोज, दुधातलं लॅक्टोज अशा लहान साखरा. मैद्यातला स्टार्च त्यात धरत नाहीत. माल्टोडेक्स्ट्रिन नावाची पांढरी भुकटी बऱ्याच पाकिटांत असते, तीही धरत नाहीत. पोटात गेल्यावर दोन्हींचं ग्लुकोजच होतं. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "अगं, साखर नाही म्हणून तर घेतलंय ना!" त्यांचं चुकलं नव्हतं. पुडाही खोटं बोलला नव्हता. तक्रार करावी म्हटलं तर कशाची करणार?

जाता जाता आणखी एक. गोडीसाठी साखरेऐवजी पॉलिऑल जातीचे पदार्थ वापरले असतील तर ते जास्त खाऊन पोट ढिलं होतं, आणि ठरावीक प्रमाणाच्या वर असतील तर तशी सूचना लेबलावर द्यावी लागते. त्या पुड्यावर बारीक अक्षरात ती होती. अण्णांनी महिनाभर खापर नळाच्या पाण्यावर फोडलं होतं.

'नो अ‍ॅडेड शुगर'चंही असंच. वरून साखर, किंवा साखर असलेला जॅम, आटवलेला रस असं काही घालता येत नाही, हे खरं. पण मूळच्या पदार्थातली साखर, उदाहरणार्थ खजुरातली, तशीच राहते आणि ती आहे असं लिहावंही लागतं. गूळ घातला तर तो वरून घातलेली साखरच ठरतो, सेंद्रिय असला तरी.

कोलेस्ट्रॉल फ्रीवर मी स्वतःच घसरता घसरता वाचले. पाउचचं आर्टवर्क करायला बसलो तेव्हा छपाईवाले म्हणाले, "वहिनी, पुढं मोठ्ठं कोलेस्ट्रॉल फ्री टाकू की! शेंगदाण्यात कोलेस्ट्रॉल नसतंयच, खोटं काय आहे त्यात?" मलाही पटलं. कोलेस्ट्रॉल प्राण्यांपासून आलेल्या अन्नात असतं: दूध, तूप, अंडी, मटण. शेंगदाण्यात, करडईत, सूर्यफुलात ते कधीच नव्हतं. तेलाच्या कॅनवर 'कोलेस्ट्रॉल फ्री' बघून खूश होणं म्हणजे भाकरीवर 'हाडं नाहीत' असं लिहिलेलं बघून खूश होण्यासारखं आहे.

पण नियम याच्याही पुढे जातो. कोलेस्ट्रॉल फ्री म्हणायचं तर कोलेस्ट्रॉल जवळजवळ नसणं पुरत नाही. घन पदार्थात १०० ग्रॅममागे संपृक्त चरबी, म्हणजे सॅच्युरेटेड फॅट, दीड ग्रॅमच्या वर असता कामा नये. कारण रक्तातलं कोलेस्ट्रॉल वाढवण्यात खाल्लेल्या कोलेस्ट्रॉलपेक्षा संपृक्त चरबीचा हात मोठा असतो. शेंगदाण्यात ती दीड ग्रॅमच्या कितीतरी पट आहे. म्हणजे आमच्या चटणीत कोलेस्ट्रॉल नाही, आणि तरीही 'कोलेस्ट्रॉल फ्री' छापायचा आम्हाला अधिकार नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हा अन्याय वाटला. आता वाटतं, या नियमावलीतली सगळ्यात शहाणी अट हीच आहे.

तेलाला तर आणखी जखडलंय. खाद्यतेलाच्या पाकिटावर किंवा जाहिरातीत 'डबल रिफाइंड', 'अँटी-कोलेस्ट्रॉल', 'कोलेस्ट्रॉल फायटर', 'हृदयाला आराम देणारं' अशा अर्थाची भाषा वापरायलाच मनाई आहे. फॉरवर्डवाल्याने हृदयाची काळजी सोडा म्हणून जे लिहिलं, ते तेलवाल्याने कॅनवर छापलं असतं तर नोटीस आली असती.

छपाईवाल्यांचा दुसरा आग्रह 'घरगुती' या शब्दाचा होता. तोही सोडला. घरी बनवलेलं, घरी शिजवलेलं असा चुकीचा समज करून देणारे शब्द चालत नाहीत, आणि आमचं कांडप आता शेडमध्ये, यंत्रावर होतं. उखळाचं चित्र तेवढं ठेवू का, असं त्यांनी विचारलं. तेही नको म्हटलं.

राहिली ज्वारी. या जिल्ह्यात ज्वारीबद्दल बोलताना मी जरा जपून बोलते; मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय आणि तिकडचे पाहुणे आमच्याकडे येतात. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात तंतू, म्हणजे फायबर, साधारण १० ग्रॅम असतात. हाय फायबर म्हणायला ६ लागतात. तेव्हा निव्वळ ज्वारीची कडक भाकरी हा दावा सहज पेलते. पण बिस्किटात ज्वारी किती? पुढच्या बाजूला कणसाचं चित्र किंवा ज्वारीचं नाव ठळक असेल तर ज्वारी किती टक्के हे लिहावंच लागतं. मी गेल्या महिन्यात नवी पेठेत तीन पाकिटं चाळली. एकावर १२ टक्के, एकावर १८. तिसऱ्यावर कणसाचं चित्र होतं, टक्का कुठेच सापडला नाही. बारा टक्के ज्वारीतून तंतू येणार सव्वा ग्रॅमच्या आसपास. बाकी मैदा, साखर, पाम तेल. ती ज्वारीची बिस्किटं नव्हेत, ज्वारी दाखवलेली बिस्किटं आहेत.

प्रोटीनचा आकडा तर फारच सैल आहे. 'प्रोटीनचा स्रोत' म्हणायला १०० ग्रॅममध्ये दिवसाच्या गरजेच्या १० टक्के प्रोटीन पुरतं. दिवसाची गरज ५४ ग्रॅम धरली तर साडेपाच ग्रॅमच्या आतबाहेर. साध्या मैद्याच्या बिस्किटात सहा-सात ग्रॅम असतंच! 'हाय प्रोटीन' म्हणायला दुप्पट, म्हणजे अकराच्या आसपास लागतं. ज्वारीचं पीठ दहावर अडतं. आणि शेंगदाणा? चोवीस-पंचवीस. आमची चटणी बिनबोभाट हाय प्रोटीन आहे.

तरी ते आम्ही पुढच्या बाजूला छापलेलं नाही. गटात त्यावर भांडण झालं, अजूनही होतं. माझं म्हणणं असं, की १०० ग्रॅम चटणी एका बैठकीला कोण खातंय? चमचाभर, फार तर दोन. चमचाभर चटणीतून दोन-अडीच ग्रॅम प्रोटीन मिळतं, आणि त्याबरोबर मीठही येतंच. दिवसाला ५ ग्रॅम मीठ ही मर्यादा धरून लेबलावर टक्केवारी द्यावी लागते. ती आम्ही दिली आहे. एका गिऱ्हाइकाने ती वाचून पाउच परत ठेवला. बीपी होतं त्यांना. बरोबरच केलं.

शेवटचा मुद्दा, सुट्या चटणीचा. इथे फॉरवर्ड अर्धा खरा आहे आणि तो अर्धा भाग मी नाकारणार नाही. सुट्या चटणीवर तारीख नसते, कुणी बनवली ते नसतं. शेंगदाणा ओलसर राहिला तर त्यावर बुरशी धरते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते भाजून पुरतं जात नाही, आणि लसूण-तिखटाखाली त्याची चवही कळत नाही. म्हणून दाणा निवडताना काळपट, सुरकुतलेला, हिरवट झाक असलेला बाजूला काढायचा, हे आमच्याकडे कांडपाआधीचं सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि ते चुकवता येत नाही. पण पाकिटावरच्या पोषणतक्त्यात अफ्लाटॉक्सिनची ओळ नसते. लेबल आलं म्हणून दाणा निवडलेला आहे असं होत नाही; माझ्या लेबलाबाबतही नाही.

तेव्हा फिरायच्या ग्रुपवर चटणी बंद करा म्हणणाऱ्या एका ताईंना मी एवढंच लिहिलं, की नेहमीच्या दुकानदाराला चटणी कधी कांडली ते विचारा, तेलाचा खवट वास येतो का बघा, आणि पावसाळ्यात पावशेरापेक्षा जास्त आणू नका. त्यांनी होकाराचा अंगठ्याचा इमोजी टाकला. दुसऱ्या दिवशी विचारलं, "मग तुमच्या पाउचवर पुढं काय छापलंय हो नेमकं?"

शेंगाचटणी. २०० ग्रॅम. बाकी सगळं मागे आहे.