‘क्रॉप म्हणजे नुसती साफसफाई’ म्हणे!

गणपती आले की बडोद्यातल्या मराठी मंडळांच्या ग्रुपवर फोटोंसोबत एक फॉरवर्डही फिरतो. त्याचं म्हणणं असं: क्रॉप, म्हणजे फोटोच्या कडा कापणं, ही नुसती साफसफाई, अर्थ तोच राहतो. मोकळी जागा म्हणजे वाया गेलेली जागा. चेहरा मोठा केला की भाव वाढतो. आणि झूम लेन्स नसली तरी नंतर कापून तेच मिळतं. चारही वाक्यं ठणकावून लिहिलीत, पण पुरतं एकही टिकत नाही.

‘अर्थ तोच राहतो.’ टी-शर्टांवर दिसणारा क्रांतिकारक चे गव्हेराचा चेहरा घ्या. क्युबन फोटोग्राफर अल्बेर्तो कोर्दाने तो ५ मार्च १९६० रोजी हवानात टिपला, जहाजाच्या स्फोटात मेलेल्यांच्या शोकसभेत. मूळ फ्रेम आडवी आहे. एका बाजूला दुसऱ्याच माणसाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला झाडाच्या झावळ्या. दोन्ही कापून उभं चित्र निघालं. शोकसभेतल्या एका माणसाचा शेजारी गेला, जागा गेली, तो दिवसही गेला. उरली ती कुठेतरी फार दूर लागलेली नजर. चेहऱ्यावरची रेषसुद्धा बदललेली नाही, तरी चित्र दुसरंच झालं. याला साफसफाई म्हणणारा माणूस धन्य.

मोकळ्या जागेचं बडोद्यातल्या सुरसागर तळ्यावर जाऊनच बघावं. तळ्याच्या मधोमध १११ फुटी महादेव उभा आहे. पाणी आणि काठावरच्या इमारती ठेवल्या तर मूर्तीची उंची कळते, तिचं एकटेपणही जाणवतं. पाणी कापलं की मापच हरवतं. तीच मूर्ती एखाद्या बागेतली बारा फुटी वाटू शकते. वरचं आकाश छाटून मस्तक कडेला भिडवा, ती अंगावर येते. माणसांचंही तसंच. बघणाऱ्याच्या नजरेसमोर जागा सोडली तर तो कुणाची तरी वाट पाहतोय असं वाटतं. ती जागा काढून पाठीमागची ठेवली की तोच कोंडल्यासारखा दिसतो.

चेहरा मोठा म्हणजे भाव मोठा? मिरवणुकीत ढोल वाजवणारी मुलगी, डोळे मिटलेले, ओठ दाबलेले. हात आणि ढोल कापा, मग ती रमलीये की रडतेय ते सांगा पाहू.

झूमचं वाक्य अर्धं खरं आहे. जागेवरून न हलता कापलं तर पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे जवळच्या-दूरच्या वस्तूंचं एकमेकांशी प्रमाण, लांब लेन्ससारखाच (दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्ससारखाच) राहतो. पण ६००० × ४००० पिक्सेलचा फोटो दोन्ही बाजूंनी अर्धा केला की ३००० × २००० उरतो, म्हणजे २४ मेगापिक्सेलचे ६. शिवाय तेवढ्याच अ‍ॅपर्चरवर (लेन्समधल्या प्रकाशाच्या भोकाच्या त्याच f-आकड्यावर) लांब लेन्स पार्श्वभूमी जशी धूसर करते, तशी कापून होत नाही.

यावर लगेच कुणीतरी उलटं टोक गाठतं, की खरा फोटोग्राफर क्रॉप करतच नाही. तेही नको. क्रॉपला नाकं मुरडणाऱ्या फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँचा पॅरिसमधल्या डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा १९३२ चा फोटो कापलेलाच आहे; कुंपणाच्या फटीतून काढताना फळी आड आली होती. आपल्या बडोद्यात राहिलेल्या छायाचित्र-पत्रकार होमाई व्यारावाला रोलीफ्लेक्स कॅमेरा वापरत. त्याचं निगेटिव्ह चौरस, आयताकृती छापायचं तर काहीतरी कापावंच लागणार.

कापा खुशाल, फक्त मूळ फाइल पुसू नका. आणि मंडळाच्या संग्रहासाठी तीच द्या. कडेला आलेली दुकानाची पाटी आज डोळ्यांत खुपते, पण वीस वर्षांनी मिरवणूक कुठल्या गल्लीतली ते तिच्यावरूनच ओळखावं लागेल.