आमच्या सायकलींवर बॅनर नव्हता

आज दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर कार्यक्रम समितीचा मेसेज पडला. ३ जून, जागतिक सायकल दिन, त्यानिमित्त 'आपल्या सोसायटीतील दोन सायकलपटू भगिनींचा' सत्कार. शाल, श्रीफळ, तुळशीचं रोप. आणि खाली: "मॅडम, आपल्या मोहिमेचा संदेश काय होता? बॅनरसाठी एक ओळ पाठवा. एकूण किलोमीटरही कळवा."

अहो, मोहीम कसली? मे महिन्याची सुट्टी होती. मी आणि माझी नणंद नेरूळहून सायकलला तंबू बांधून निघालो, किनाऱ्याकिनाऱ्याने दापोलीपर्यंत गेलो. आंबे खाल्ले, डुंबलो, दुपारी ताणून दिली. याच सोसायटीतली चार कुटुंबं मनालीला जाऊन आली, त्यांना कुणी विचारलं का, रोहतांगचा संदेश काय म्हणून?

पाणी वाचवा, प्लास्टिक हटवा, मुलगी शिकवा असं काहीतरी पाठीवर लावलं की सायकल चालवणारा माणूस एकदम आदरणीय होतो. पाठ कोरी असेल तर तो रिकामटेकडा. आणि बाई असेल तर विचारूच नका.

केळशीच्या अलीकडे एका वाडीत आम्ही मुक्काम मागितला. आजोबा ओटीवर सुपारी कातरत बसले होते. आधी विचारलं, "गाडी बंद पडली काय?" नाही म्हटलं, सायकलनेच आलोय. त्यांनी सायकलींकडे, मग बांधलेल्या पिशव्यांकडे बघितलं. "सुट्टीला आलात काय?" हो. "बरं." संपली चौकशी! त्या एका 'बरं'साठी मी त्या माणसाचा सत्कार करायला तयार आहे, स्वतःच्या खर्चाने शाल आणून.

रस्त्याबद्दल मात्र कुणी विचारत नाही, आणि खरी मजा तिथेच आहे. पाम बीच रोडवरून बेलापूर, उलवे, मग उरणच्या रस्त्यावर कंटेनरवाले ट्रेलर. तेवढा पट्टा जीव मुठीत धरून काढावा लागतो, म्हणून पहाटेच निघायचं. करंजाला लाँच मिळते, सायकली उचलून आत घ्यायच्या आणि रेवसला उतरायचं. म्हणजे २०११ पासून ज्याचं काम चालूच आहे त्या मुंबई-गोवा हायवेचं तोंडही बघावं लागत नाही. पुढे अलिबाग, रेवदंडा, मुरूड, आगरदांड्याहून फेरीने दिघी, दिवेआगर, आणि शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणारा तो रस्ता, ज्यावर समुद्र हाताला लागेल असा वाटतो. बागमांडल्याला पुन्हा फेरी. सावित्री ओलांडली की वेसवी, रत्नागिरी जिल्हा, वर बाणकोटचा किल्ला.

किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा लोड लावून जाऊन बघावं. गाव खाडीशी, मधला सगळा सडा, म्हणजे कातळाचं पठार, उंचावर. घामाने डोळे चुरचुरेपर्यंत चढायचं, वर जांभ्याचं उघडं रान, एक झाड नाही, मग दोन मिनिटांत सगळी कमाई उतारावर उधळून पुढच्या खाडीशी. परत चढ. नणंद एका चढावर म्हणाली, "वहिनी, हा रस्ता आखणाऱ्याला बोलवा, मला त्याच्याशी बोलायचंय." आम्ही कितीतरी चढ सरळ उतरून ढकलले. हे बॅनरवर टाका हवं तर.

उन्हाचं म्हणाल तर कबूल, मे महिना सायकलचा नाही. शाळेत शिकवणाऱ्या बाईला सुट्टी मेमध्येच मिळते, काय करू? पहाटे साडेचारला पॅडल मारायचं, दहाच्या आत सावली गाठायची, चार वाजेपर्यंत तिथून हलायचं नाही. पाण्यात मीठ-साखर, जिथे मिळेल तिथे कोकम. रात्री तंबूचं वरचं कापड काढून नुसत्या जाळीत झोपायचं, तरी घाम येतोच.

त्या वाडीत आम्ही तंबू माडाखाली लावायला घेतला तर आजोबा तिथूनच ओरडले, "माडाखाली नको! झावळी पडली तरी कपाळमोक्ष." खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, लावायला लावला. आजी बाहेर येऊन तंबूत डोकं घालून बघून गेल्या आणि हसत सुटल्या. घरात पंखा असताना या दोघी बाहेर का झोपणार, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण कळलं नाही म्हणून अडवलंही नाही.

इथे मात्र सगळ्यांना सगळं कळतं. "घरच्यांनी सोडलं कसं?" हे तर मला शेजारच्या बाईंनी लिफ्टमध्ये विचारलं. सोडायला मी काय खुंट्याला बांधलेली आहे? नवऱ्याला हे कुणी विचारलं नाही, तो दरवर्षी मित्रांसोबत ट्रेकला जातो. त्याचं ते पॅशन. माझं ते धाडस, आणि लगेच 'महिला सक्षमीकरण' असा एक बॅनर तयार! बास झालं राव.

बरं, दोघींनी अनोळखी गावात राहताना सावध राहायला हवंच. अंधार पडायच्या आत मुक्काम, परवानगी विचारल्याशिवाय तंबू नाही, वेळासच्या वाळूत तर नाहीच, तिथे कासवांची घरटी असतात. एवढी अक्कल आम्हाला आहे.

जरा शांत होते. चहा घेऊन आले.

किलोमीटर विचारणाऱ्यांचाही मला एवढा राग नाही खरं तर. पाम बीचवर रविवारी जे लायक्रा घालून सुसाट जातात, त्यातल्या काहींनी बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड, केलेल्या आहेत. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत. सलाम. पण ती परीक्षा आहे, वेळ लावून दिलेली. आम्ही हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघत, समोर सुवर्णदुर्ग, इतका वेळ बसलो की पुढचं गाव त्या दिवशी राहूनच गेलं. त्याचे किती मार्क?

आणि कॅम्पिंग म्हटलं की लोक जे दाखवतात ते बघून तर तिडीक जाते. रांगेत ठोकलेले तयार तंबू, बार्बेक्यू, रात्री दोनपर्यंत डीजे, सकाळी वाळूत बाटल्या. याला सगळे सुट्टी म्हणतात, तिथे संदेश कुणी मागत नाही. आम्ही आजोबांच्या विहिरीवर दोन बादल्या पाण्यात अंघोळ केली, निघताना पैसे पुढे केले तर त्यांनी मोजून घेतले, आणि वर एक पिशवीभर रायवळ आंबे सायकलला बांधले. मोजून घेतले हे मला फार आवडलं.

कार्यक्रमाला येईन, शाल नको, तुळस चालेल.

दिवाळीच्या सुट्टीत दाभोळहून धोपाव्याला उतरून गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ असं जायचं ठरतंय. त्या बाजूला कुणाच्या माहेरी खळं असेल तर इनबॉक्स करा. पंखा नको. विहीर असली तर बरं. पैसे मोजून घ्यावे लागतील.