पुढून साहेब, मागून टेम्पो

लग्न बायकोच्या मावसबहिणीच्या मुलीचं, मुहूर्त बारा पस्तीसचा, आणि बारा वीसला आम्ही मंगल कार्यालयाच्या फाटकात उभे. उभे म्हणजे उभेच. कारण गाडी साडूची होती, टोयोटा हायलक्स होती आणि तिला मागं हौदा होता.

पार्श्वभूमी थोडक्यात. मला गाडी घ्यायची आहे. आमच्या बेळगावजवळ, जांबोटीकडं वडिलांच्या वेळची थोडी जमीन आहे. तिथं रताळी होतात, भात होतो आणि जूनपासून पुढं नुसता चिखल होतो. फॉर्च्युनर घ्यावी की तिचीच पिकअप बहीण हायलक्स, यावर घरात गणपतीपासून वाद चाललाय. निपाणीचे साडू म्हणाले, "वाद कशाला घालतासा? माझी घेऊन जावा, वापरून बघा." झालं एवढंच. पुढचं सगळं त्या फाटकावर घडलं.

वॉचमन साठीच्या पुढचा. खाकी शर्ट, खाली लेंगा, गळ्यात शिट्टी. गाडीचं तोंड फाटकात शिरलं तशी त्यानं खुर्ची सोडली आणि सलाम ठोकायला हात उचलला. हात कपाळापर्यंत आला असेल नसेल, एवढ्यात त्याची नजर मागं सरकली. हात कपाळाशीच थबकला आणि तिथूनच वळून मला मागची गल्ली दाखवू लागला.

"हिंदं होग्री, हिंदं! मागल्या गेटनं. आचारी तिकडं हायत."

"अहो, आम्ही पाहुणे आहोत."

"पाव्हणे असशीला की. पर गाडी मालाची हाय."

"मालाची नाही हो. घरची आहे."

"घरच्या मालाची असंल. भाड्याची हाय असं मी कुठं म्हणालो?"

मी त्याला नंबरप्लेट दाखवली. पांढरी पाटी, खासगी गाडी. तो पुढं येऊन वाकून बघून आला. "पांढऱ्या पाटीवर बी माल नेतात साहेब. चोरून."

"मागं काही नाही. बघा तुम्ही."

त्यानं टाचा उचलून हौद्यात डोकावलं. आत साडूंची तंबाखूच्या वासाची ताडपत्री आणि एक समई होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. खाली उतरून त्यानं मला अतिशय शांतपणे विचारलं, "काय न्हाई, मग एवढं मोठं कशाला केलंय?"

या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

तोपर्यंत बायको उतरली होती. अंगावर इरकली, केसात अबोली, चेहऱ्यावर 'मी आधीच सांगितलं होतं.' ती म्हणाली, "मामा, मी नवरीची मावशी." वॉचमन लगेच बाजूला झाला. "अक्का, तुम्ही म्होरनं जावा की. तुमाला कोण अडवलंय? गाडी तेवढी मागनं." आणि ती गेली. पुढच्या दारानं, गुलाबपाणी अंगावर घेत, एकदाही मागं वळून न बघता. इतक्या वर्षांचा संसार आणि हौदा दिसताच फारकत.

माझ्या मागं एक फॉर्च्युनर येऊन हॉर्न वाजवायला लागली. मला कडेला घ्यायला लावून वॉचमननं तिला कडक सलाम ठोकला. ती शेजारून गेली तेव्हा मागच्या काचेतून तांदळाची दोन पोती स्पष्ट दिसली. वर एक चटई.

"अहो, ती बघा! पोती आहेत तिच्यात!"

"असूं देत की," तो म्हणाला. "झाकल्याती."

आमच्या समाजव्यवस्थेवर एवढं नेमकं भाष्य मी कुठल्या व्याख्यानमालेत ऐकलेलं नाही. पण तेव्हा दाद द्यायच्या मनःस्थितीत मी नव्हतो. कारण आता त्यानं रजिस्टर काढलं होतं. रजिस्टरला सुतळीनं पेन बांधलेलं, सुतळी इतकी आखूड की लिहायचं तर अख्खं रजिस्टर छातीशी धरावं लागे. रकाने असे: गाडी नंबर, कोण, माल, आत, बाहेर.

"माल?"

"नाही म्हणून लिहा."

"न्हाई लिवता येत न्हाई. मालाची गाडी आत गेली आणि माल न्हाई म्हटलं की बाहेर जाताना सगळं तपासाय लागतंय. मागं दोन काहिली गेल्या."

"कशातनं?"

"असल्याच गाडीतनं."

इथं मी थोडा चढ्या आवाजात बोललो. गाडी पस्तीस लाखांची आहे, असंही म्हणालो. त्यानं पस्तीस लाख ऐकून घेतले आणि म्हणाला, "हुईल की. मालाच्या गाड्या महागल्यात." मग त्याला तोडगा सुचला. "आहेर काय आणलायसा?"

"पाकीट. आणि ती समई."

"समई! पितळंची?" त्याचा चेहरा उजळला. "किती किलोची?"

त्यानं 'माल' या रकान्यात 'समई १, पितळ' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं, माझी सही घेतली आणि मला मागच्या गेटला पाठवलं. मागं गॅसच्या टाक्या आणि चिरायला टाकलेली वांगी यांच्या मधल्या जागेत गाडी लावत असताना आतून लाउडस्पीकरवर शेवटचं 'सावधान' ऐकू आलं. माझ्या वाटणीच्या अक्षता खिशातच राहिल्या. एका आचाऱ्यानं खिडकीवर टकटक केली: "बर्फ आणलासा?"

जेवून परत आलो तर हौद्यात कुणीतरी उष्ट्या पत्रावळींच्या दोन पिशव्या ठेवल्या होत्या. ठेवणाऱ्याला दोष देता येत नाही. गाडी उघडी, कचऱ्याच्या बाजूला उभी. आणि बाहेर पडताना मागच्या गेटला तेच रजिस्टर आलं होतं. "समई कुठं हाय?" मी म्हणालो, आत दिली. "कुणाला? चिट्ठी?"

आता मला चीड नक्की कशाची येते, तर ती पोती घेऊन गेलेली फॉर्च्युनर आणि मी बसलो होतो ती हायलक्स, या एकाच घरातल्या. खालची शिडीसारखी चेसी एकाच कुळातली. इंजिन तेच, २.८ लिटरचं डिझेल, २०४ अश्वशक्तीचं. दोन्ही गाड्या आपल्याच राज्यात, बेंगळुरूजवळ बिडदीला तयार होतात. फॉर्च्युनर इथं २००९ साली आली, हायलक्स २०२२ मध्ये, ३३.९९ लाखांपासून. फरक लांबीत आहे. फॉर्च्युनर ४,७९५ मिलिमीटर, हायलक्स ५,३२५. म्हणजे माझी सगळी अप्रतिष्ठा त्या वाढीव अर्ध्या मीटरमध्ये भरलेली आहे, आणि टिळकवाडीच्या पहिल्या रेल्वे गेटजवळ वळताना तोच अर्धा मीटर मागच्या रिक्षाला टेकतो.

बिडदीच्या कारखान्यावर टोयोटाच्या शेजारी नाव किर्लोस्करांचं आहे, याचं आम्हा बेळगावकरांना काय वाटायचं ते वाटतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले गुर्लहोसूरला, १८६९ मध्ये; सायकलींचं दुकान काढलं बेळगावात, १८८८ साली. पुढं बेळगावातली जागा सोडावी लागली आणि १९१० मध्ये औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिथं लोखंडी नांगर झाले. आम्ही गावातल्या एका रस्त्याला त्यांचं नाव देऊन मोकळे झालो. आज त्या किर्लोस्कर रोडवर हायलक्स लावायला जागा मिळत नाही आणि लावली तर दुकानदार बाहेर येऊन विचारतो, "अनलोडिंग किती वेळ चालंल?"

घरात मतं अशी. आईचं मत पाठीवरून ठरतं. हायलक्सची मागची सीट ताठ, शिस्तीत बसवणारी; खाली पाट्याच्या स्प्रिंगा. हौद्यात वजन असलं की गाडी शहाण्यासारखी चालते. रिकामी असली की मागचं अंग प्रत्येक खड्ड्याला उत्तर देतं. जांबोटीपर्यंत आई एक अक्षर बोलली नाही, उतरल्यावर म्हणाली, "परत येताना दोन पोती टाक रे मागं." फॉर्च्युनरला मागं कॉइल स्प्रिंगा, त्यामुळं आईचा कौल तिकडं. पण तिची तिसरी सीट जमिनीत जात नाही. दोन अर्ध्या करून दोन्ही बाजूंना काचेशी टांगाव्या लागतात. मग मधल्या बोळातून रताळ्याचं पोतं घालायचं म्हणजे पोत्यालाही आणि घालणाऱ्यालाही पोटात श्वास ओढून घ्यावा लागतो. आणि रताळ्याची माती एकदा गालिच्यात गेली की ती पुढच्या हंगामापर्यंत तिथंच नांदते.

मुलगा म्हणतो, हायलक्स ७०० मिलिमीटर पाण्यातून जाते. खरं आहे, कंपनीच तसं सांगते. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा खानापुरात येईपर्यंत काय रूप घेते हे जुलैत बघितलेल्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं. पण तिथल्या फरशी पुलावर पाणी किती आहे हे पाण्यात गेल्याशिवाय कळत नाही, आणि तिथं पट्टी घेऊन कोणी उभं नसतं.

आमच्या वाटेकऱ्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पोती किती बसत्यात?" त्याचा हिशेब साधा आहे. बोलेरो पिकअप १,७०० किलो उचलते, हायलक्सच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपासच्या किमतीत. हायलक्स त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणजे फाटकावर जिला मालाची म्हणून अडवतात, तिला शेतावर माल नेणारी म्हणून कोणी विचारत नाही. फॉर्च्युनरवाल्याची एका ठिकाणी तरी शान राहते. हायलक्सवाल्याला कार्यालयात हमाल समजतात आणि बांधावर साहेब.

आणि पैशाचं म्हणाल तर कर्नाटकात वीस लाखांवरच्या गाडीला आजीवन कर १८ टक्के, वर सेस. चौतीस लाखांच्या गाडीला नुसता कर सहा लाखांच्या पुढं. हे एकदा कागदावर मांडलं की सीमाभागातला कुठलाही माणूस आपोआप कोल्हापूरच्या दिशेनं बघतो. पलीकडं कर कमी. तिकडची पाटी लावावी का? पण राहणार बेळगावात, आणि बारा महिन्यांवर गाडी इथं राहिली की इथलं पासिंग करून घ्यावंच लागतं. शिवाय पाटीचं इथं वेगळंच असतं. २०२२ च्या डिसेंबरात सीमावाद पेटला तेव्हा हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, तिकडं कर्नाटकच्या बसगाड्यांना काळं फासलं. दोन्हीकडच्या बसा बंद, आणि त्या आठवड्यात पुण्याला निघालेला प्रत्येकजण आधी आपली पाटी बघत होता. बेळगावची केए २२ तिकडं परकी, कोल्हापूरची एमएच ०९ इकडं परकी. या वादात गाडी कुणाची आहे हे कोणी विचारत नाही. नंबर कुठला एवढंच बघतात.

बरं, सहा लाख भरले, तर रस्ता कुठाय? जांबोटीच्या पुढं चोर्ल्याकडं जाऊन बघा. बेळगावची भाजी आणि दूध याच वाटेनं गोव्याला जातं. पावसाळ्यात या रस्त्यावर खड्डे चुकवत जायचं नसतं, खड्डे निवडत जायचं असतं. मी ऑफ-रोड गाडी घेतोय ती हौसेनं नव्हे, ऑन-रोड म्हणून जे दाखवलंय त्यावर चालायला. फोर व्हील ड्राइव्हचा खर्च मी करायचा, रस्त्याचा कर मी भरायचा, आणि वर ग्राउंड क्लिअरन्स कमी पडला तर चूक गाडीची. गोव्याचे लोक या वाटेनं येतात आणि विचारतात, तुमच्याकडं रस्त्याचं काम चालू आहे का? काय सांगणार? चालू आहे म्हणावं तर खोटं, बंद आहे म्हणावं तर बोर्ड लागलाय.

असो. रक्तदाबाची गोळी घेतली आहे.

काल शोरूममधून त्या पोराचा फोन आला. तो रोज करतो. गोड बोलतो, हे मान्य. मी त्याला कार्यालयातला सगळा प्रकार सांगितला. तो हळहळला आणि म्हणाला, "सर, त्याला उपाय आहे. हौद्यावर कॅनोपी बसवून घ्या. काचा, आत लाइट, सगळं. लांबून एसयूव्हीच वाटंल."

"आणि रताळ्याची पोती?"

"बसतील सर. आडवी. उभी रचली तर काचेला लागतील."

"भाताचा पेंढा?"

"पेंढा नको सर. बंद जागेत वास धरतो."

"मग त्यात दोन सीटा तरी टाकता येतील?"

पलीकडं जरा वेळ कोणी बोललं नाही. "सर, मग फॉर्च्युनरच घ्या की."

"फॉर्च्युनरात पोती कुठं मावतात?"

"मावतात सर! तिसरी सीट काढून टाकायची. बरेच लोक काढतात."

"आणि काढलेल्या सीटा?"

"तुम्ही काही टेन्शन घेऊ नका सर. त्या आम्ही तुमच्या घरी पोचत्या करतो. आमची बोलेरो पिकअप आहे ना."