लाईनवर माणसं फिरवणं हा अडाणीपणा नाही

टेलिंग्जच्या (खाणीतलं खनिज काढून घेतल्यावर उरलेल्या गाळाच्या) पाईपलाईनची गळती कशी टाळायची या माझ्या लेखावर एका वाचकांची प्रतिक्रिया आलीये: "दोन्ही टोकांना फ्लोमीटर लावले की गळती आपोआप कळते, लाईनवर माणसं फिरवणं हा अडाणीपणा. एचडीपीई (प्लास्टिकचा पाईप) की स्टील, लायनर (पाईपचं आतलं अस्तर), खर्च, यातलं काहीच लेखात नाही. आधी एखादा प्लांट बघा, मग लिहा."

सर, मतभेद असू द्या, पण 'आधी प्लांट बघा' ही काय बोलायची पद्धत झाली? माझ्या नोकरीची सुरुवातच टेलिंग्जच्या लाईनवर झाली, पंपहाऊसपासून हा गाळ साठवायच्या बांधापर्यंत, रात्रपाळीत, भर पावसात, फ्लँजचे (पाईपांच्या जोडाचे) बोल्ट स्वतः आवळलेत आणि झिजलेले पाईप फिरवून बसवलेत. हे मिरवायला सांगत नाहीये, तुम्ही माझी लायकी काढलीत म्हणून सांगावं लागतंय. आणि मला काय म्हणायचं ते म्हणा, पण ज्यांच्यामुळे लाईन चालते त्या माणसांना अडाणी म्हणू नका.

एक मान्य करतो. पाईप रात्री धाडकन फुटला तर मीटर आणि प्रेशरचा अलार्म गस्तीवाल्याच्या आधी कळवेल, त्यामुळे दोन्ही हवेतच.

पण 'गळती आपोआप कळते' हे तुमचं वाक्य मला पटत नाही. मोठी कळते, बारीक नाही कळत. समजा लाईनमधून तासाला १००० घनमीटर स्लरी, म्हणजे पाणी मिसळलेला गाळ, जातेय आणि दोन मीटरमधला १ टक्का फरक आपण चूक म्हणून सोडून देतो, कारण तेवढ्यावर अलार्म ठेवला तर तो सारखाच वाजेल आणि कंट्रोल रूमवाले वैतागून बंद करतील. म्हणजे तासाला १० घनमीटर, दिवसाला २४० घनमीटर गाळ जमिनीवर गेला तरी स्क्रीनवर सगळं ठीक!

आणि दुसरा मीटर असतो कुठे? बहुतेक ठिकाणी बांधावरच्या हेडरच्या (माथ्यावरून जाणाऱ्या वाटप-पाईपच्या) अलीकडे, कारण पुढे स्पिगॉट (गाळ बाहेर सोडणारी तोंडं) बदलत राहतात आणि प्रत्येक स्पिगॉटला कुणी मीटर लावत नाही. म्हणजे बांधाच्या माथ्यावरचा सगळा पाईप तुमच्या हिशोबाच्या बाहेर, आणि नेमका तिथेच फुटणं सगळ्यात वाईट, कारण स्लरीचा झोत बांधाचा उतारच खात जातो. तिथे आपोआप काय कळणार?

शिवाय लेख गळती *टाळण्यावर* होता. मीटर सांगतो तेव्हा गळती झालेली असते. जाड कण पाईपच्या तळाशी घासत जातात म्हणून तळ आधी झिजतो, बेंड, वेल्डचा पुढे आलेला कड, फ्लँजमध्ये सरकलेली गॅस्केट, यांच्या पुढचा तुकडा तर त्याहून लवकर, म्हणून ठरलेल्या जागी अल्ट्रासॉनिकने जाडी मोजायची आणि वेळेत पाईप ९० किंवा १२० अंशात फिरवायचा. वेग कमी पडला की वाळू तळाशी बसते, वाढवला की झीज वाढते, आणि लाईन बंद करण्याआधी पाण्याने धुतली नाही तर पुढच्या वेळी चोक होऊन प्रेशर चढतं. उन्हात लांबलेला एचडीपीई सपोर्टवरून सरकलाय, फ्लँजखाली ओल दिसतेय, गळती अडवायचा चर गाळाने भरलाय, हे फ्लोमीटर बघतो का? माणूसच बघतो.

ब्राझीलमधली मिनास-रिओची ५२९ किलोमीटरची स्लरी लाईन २०१८ च्या मार्चमध्ये एकाच महिन्यात दोनदा गळली. ती लोहखनिजाच्या कॉन्सन्ट्रेटची (वेगळ्या काढलेल्या खनिजाची) आहे, टेलिंग्जची नाही, हे मला माहितीये, तेवढ्यावरून पुन्हा वाद नको. पण दुसऱ्या गळतीनंतर ती कित्येक महिने बंद ठेवून पाईप आतून तपासावा लागला. पाईपच्या भिंतीची अवस्था मीटरवरून कळत असती तर हे कशाला करावं लागलं असतं?

एचडीपीई की स्टील, लायनर, खर्च, हा वेगळा विषय आहे, तो या लेखात घ्यायचाच नव्हता.

पुन्हा लिहाल तेव्हा माझ्या अनुभवाचं राहू द्या, फक्त एवढं सांगा, तुमच्याकडे दुसरा मीटर हेडरच्या अलीकडे आहे की पलीकडे, आणि माथ्यावरच्या पाईपची जाडी शेवटची कधी मोजली?