‘भ’चा ‘म’

गेल्या रविवारी सकाळी धुळ्यातल्या एका मंगल कार्यालयात, दिवाळीपूर्वीच्या प्रदर्शनात मला मिळालेल्या टेबलामागे, मी स्टुलावर चढून माझ्या नव्या नावाचा फ्लेक्स उलगडला, त्याची चार टोके सुतळीने खिडकीच्या गजांना बांधली आणि खाली उतरून तो डोळे भरून पाहिला. डोळे भरले खरे. पण ज्या कारणाने भरायला हवे होते त्या कारणाने नव्हे. ते कारण सांगायचे तर चार दिवस मागे जावे लागते, आणि मागे जायला मला अजूनही धजावत नाही, कारण तिथे आप्पा बसलेले आहेत.

मी हाताने वह्या शिवते, शुभेच्छापत्रे छापते, कापडी पिशव्यांवर ठसे उमटवते आणि कोणी मागितल्याच तर लग्नपत्रिकाही करून देते. नऊ वर्षे हा उद्योग ‘कलाकुसर क्रिएशन्स’ या नावाने चालला. नावात वाईट काही नव्हते, फक्त आमच्या गावात रुखवत सजवणाऱ्या, मेंदी काढणाऱ्या आणि केक करणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांचे नाव तेच होते. मे महिन्यात पुण्याहून आलेल्या, डिझाइन शिकणाऱ्या भाचीने माझे सगळे काम सतरंजीवर मांडून पाहिले आणि म्हणाली, “मावशी, छान आहे गं, पण हे तूच केलंय असं यातल्या एकावरूनही कळत नाही.” राग आला, आणि रात्री झोप लागेना तेव्हा पटलेही.

म्हणून नाव बदलले. ‘वीतभर’. माझी पट्टी वेळेवर कधीच सापडत नसल्याने माझ्या वह्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंतच्या मापानेच कापल्या जातात, तेव्हा नाव शोधायला फार लांब जावे लागले नाही. रंग तीन ठरवले: कपाशीचे फूल उमलते त्या दिवशीचा फिकट पिवळा, तेच फूल दुसऱ्या दिवशी होते तो गुलाबी आणि केळफुलाचा तांबूस जांभळा. खानदेशात बसून समुद्राचा निळा कशाला घ्यायचा, असे मी भाचीला ऐटीत सांगितले. नावाची अक्षरे संगणकातली नसून माझ्या हातची असतील, लिनोवर कोरलेली असतील, हेही त्याच ऐटीत सांगून बसले.

लिनो म्हणजे मूळची जमिनीवर अंथरायची वस्तू. जवसाचे तेल, बुचाच्या झाडाचा भुसा आणि पाठीला तागाचे कापड, असा तिचा संसार असतो. आईला हे सांगितल्यावर तिने “जवसाची चटणी करायची सोडून लोक काय काय करतात” एवढेच म्हटले. थंड मुलखात कोरण्याआधी लिनोला थोडी ऊब द्यावी लागते, कारण गारठ्यात ती कडक होते. धुळ्याच्या मे महिन्यात ती इतकी मऊ पडते की कोरणी लोण्यात सुरी फिरावी तशी फिरते आणि जिथे फिरू नये तिथेही फिरते. ठसा उमटवताना तर पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर पाण्यातली शाई रोलरवरच वाळते. बाहेर त्रेचाळीस अंश, घरात पंखा बंद, आणि मी पाटावर वाकून एक ‘त’ कोरते आहे, या अवस्थेत मला पाहून दूधवाल्याने मुलाला विचारले होते, “मम्मीची तब्येत बरी नाही का?”

शिवाय ठसा कोरायचा तो उलटा. पहिल्या वेळी मी हे विसरले आणि कागदावर सगळा मजकूर आरशातला उमटला. ‘वी’ची दुसरी वेलांटी अक्षराच्या डाव्या अंगाला जाऊन पहिलीसारखी उभी राहिली. दुसऱ्या वेळी ‘र’चे शेपूट तुटले. तिसरा ठसा साधला. त्याची शिरोरेषा थोडी हलती होती, अक्षरांच्या कडांवर कोरणीच्या बारीक खुणा होत्या आणि त्या मी मुद्दाम राखल्या होत्या. आमच्या गावातल्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी परंपरेची जुनी हस्तलिखिते जपून ठेवली आहेत. ती पाहताना एक ‘भ’ दुसऱ्या ‘भ’सारखा नाही, तरी वाचणारा कुठे अडखळत नाही, हे मला फार आवडले होते. माझा ‘भ’ही तसाच व्हावा म्हणून मी त्याच्यावर सर्वांत जास्त वेळ घालवला. या अक्षराच्या डोक्यावरची रेषा सलग नसते, सुरुवातीला गाठ घेऊन मध्ये थोडी फट ठेवते. ती फट मी तांदळाच्या दाण्याएवढी मोकळी ठेवली. तिच्यासाठी अख्खी दुपार गेली होती.

प्रदर्शनाच्या आयोजकांचा नियम असा, की प्रत्येक टेबलामागे सहा बाय तीन फुटांचा फ्लेक्स हवा. हाताने काम करणाऱ्या बाईने प्लॅस्टिकच्या फ्लेक्सवर ‘हस्तनिर्मित’ असे छापून घ्यावे यातली विसंगती मला दिसत होती, पण टेबलाचे पैसे आधीच भरले होते.

फ्लेक्सच्या दुकानात संगणकासमोर विशीतला एक मुलगा होता आणि त्याच्याशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत, पांढरी टोपी आणि पांढरा सदरा अशा थाटात, आप्पा होते. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाचा दहा बाय आठचा फ्लेक्स करून घ्यायला ते आले होते. पडद्यावर त्या एक वर्षाच्या जिवाला काळा गॉगल चढवलेला होता, त्याच्या मागे वाघ उभा होता आणि खाली शुभेच्छुकांचे चौतीस फोटो ओळीने बसवले होते. त्यात जावयाचा फोटो व्याह्यांच्या फोटोपेक्षा अर्ध्या बोटाने मोठा झाला होता आणि तो पेच मी जाण्याआधीपासून चालू असावा, कारण मुलाच्या चेहऱ्यावर वाघाखेरीज कोणाविषयीही आस्था उरलेली दिसत नव्हती. सर्वांत वर मोठ्या लाल अक्षरांत ‘भावी’ एवढेच होते आणि पुढे बरीच मोकळी जागा.

“भावी काय?” मला राहवले नाही.

“ते पुढे ठरेल,” आप्पा म्हणाले. “जागा धरलेली बरी.” एस.टी.च्या खिडकीतून आत रुमाल टाकून मोकळा झालेला माणूस जेवढ्या शांतपणे बोलतो तेवढ्या शांतपणे ते बोलले.

मग त्यांनी माझ्या हातातला कागद काढून घेतला. मागितला नाही; घरातल्या मुलीच्या हातून पाण्याचा तांब्या घ्यावा तसा घेतला.

“हाई काय शे, माय?”

माझ्या दुकानाचे नाव आहे, असे मी म्हटले. त्यांनी कागद लांब धरला, जवळ आणला, मग उलटा करून पाठ पाहिली.

“फोटो कोठे शे?”

“कोणाचा?”

“तुन्हा.”

फोटो नाही, नुसते नाव आहे, असे सांगितल्यावर त्यांनी मुलाकडे पाहिले. डॉक्टर रोग्याशी न बोलता नातेवाइकाकडे पाहतात, तसे. मग पुन्हा अक्षरे वाचली आणि खऱ्या काळजीने विचारले, “वीतभर कसाले? हातभर ठेव ना, माय.”

पुढचे संभाषण मी प्रमाण मराठीत देते. आप्पांच्या अहिराणीला जी धार होती ती यात उतरायची नाही, पण माझी झालेली कत्तल तेवढ्याने कमी होत नाही. त्यांचे म्हणणे असे, की वीतभर म्हणजे कमी. नावातच कमी म्हटले तर गिऱ्हाईक समजणार की ही बाई माल कमी देते. कापूस काट्यावर कमी भरणारे व्यापारीसुद्धा दुकानावर तसे लिहीत नाहीत. मी सांगितले की वीत हे हाताचे माप आहे आणि माझ्या वह्या हाताने केलेल्या असतात, म्हणून ते नाव. आप्पांनी विचार केला. मग आपला उजवा पंजा पसरून कागदाशेजारी टेबलावर टेकवला आणि मलाही टेकवायला लावला. त्यांची वीत माझ्यापेक्षा दीड बोट मोठी भरली.

“आता सांग. कोणाची वीत?”

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. भाचीने ब्रँडविषयी मला दोन तास शिकवले होते. त्यात हा प्रश्न आला नव्हता.

एवढ्यावर ते थांबले असते तर मी त्यांना गुरू मानून घरी गेले असते. पण ‘हाताने केलेल्या’ हे शब्द त्यांच्या मनात राहिले होते. “मशीन नाही का तुझ्याकडे?” त्यांनी आवाज खाली आणून विचारले, जसे कोणी विचारावे की मूलबाळ नाही का. मी म्हटले, मुद्दामच नाही. त्यांचा विश्वास बसला नाही. मशीनसाठी कर्ज निघते, त्यावर सबसिडी असते, त्यांच्या पुतण्याने पापडाच्या मशीनसाठी काढले होते, त्याला सांगून कागद करून देतो, लाजायचे काही कारण नाही. “तुझी अक्षरं हालतात,” ते म्हणाले. अक्षरे हलतात तीच तर त्यांची ओळख आहे, असे समजावताना मी वाग्देवता मंदिरातल्या पोथ्यांचा दाखला दिला. त्यांनी आदराने टोपीला हात लावला आणि म्हणाले, “ते समर्थांच्या काळचं. तेव्हा लाइट नव्हती.”

याच वेळी संगणकावरचा मुलगा काहीतरी म्हणाला. तो काय म्हणाला ते मला नीट ऐकू आले नव्हते. आता प्रत्येक शब्द आठवतो. तो म्हणाला, “ताई, कडा सगळ्या साफ करून दिल्या. वरची लाइन एका ठिकाणी तुटलेली होती, ती पण जोडून दिली. ओके का?”

“ओके,” आप्पा म्हणाले. “काढ.”

हे त्यांनी व्याह्यांच्या फोटोविषयी म्हटले की माझ्या नावाविषयी, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही. मशीनला तो करायचा नव्हता. ते सुरू झाले. १८ चौरस फुटांचे पैसे मी दिले, साफसफाईचे मुलाने वेगळे घेतले नाहीत, आणि ओल्या शाईचा वास मारणारी गुंडाळी स्कूटरच्या पायाशी ठेवून मी घरी आले. ती उघडून पाहिली नाही, ही चूक माझीच. रविवारपर्यंत तीस वह्या शिवायच्या होत्या.

या तीस वह्यांविषयी मला थोडे बोलायचे आहे, आणि इथे मी विनोद करणार नाही. कागद घडीला घडी लावून कापायचा, दाभणाने पाच भोके पाडायची, मेण लावलेल्या दोऱ्याने पाठ शिवायची, पुठ्ठ्यावर कापड चढवायचे, वजनाखाली रात्रभर ठेवायचे. अशा वहीचे मी २८० रुपये सांगते तेव्हा “एवढ्यात बाजारात चार येतात” हे मला लागत नाही, कारण ते खरे आहे. लागते ते “घरीच तर करतेस ना?” आणि त्याहून “छान वेळ जातो ना तुझा?” हे. वेळ जातो, पण शिवणाऱ्या शिंप्याला, कोरणाऱ्या सुताराला, विटा रचणाऱ्या गवंड्याला हे कोणी विचारत नाही. वांग्याचे भरीत मिक्सरमधून काढले तर नाव ठेवणारी, ते काड्यांवरच भाजलेले आणि लाकडाने ठेचलेलेच हवे म्हणून हट्ट धरणारी आमची खानदेशी माणसे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आपल्या घरचा मुलगा पास झाल्यासारखी खूश झालेली. तीच माणसे माझी वही हातात घेऊन विचारतात, मशीनवर का नाही करत? आणि मशीनवरच केलेल्या, पण कडा खास फाटक्या कापलेल्या, अक्षरे ठरवून वाकडी काढलेल्या वह्या मॉलमधून माझ्या दीडपट किमतीला आणून मलाच दाखवतात. वाकडेपणाचे पैसे त्यांना देता येतात. फक्त तो खरा असला की ते घासाघीस करतात.

असो. रविवारी मी स्टुलावरून उतरले आणि पाहिले. पिवळ्याचा लिंबू झाला होता, केळफुलाचे वांगे झाले होते, ते मी सोसले असते. अक्षरे गुळगुळीत, साबणाने धुतल्यासारखी. आणि शिरोरेषा, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, कुठेही न तुटता, पट्टीने ओढावी तशी सरळ. आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला म्हणतात. त्यासाठी निदान एक कारस्थान लागले, पेशवाई पणाला लागली. माझ्या ‘भ’चा ‘म’ एका सज्जन मुलाने फुकटात आणि मदत म्हणून केला होता. सहा बाय तीन फुटांत, लांबून दिसेल असे लिहिले होते:

वीतमर.

इतिहासाचार्य राजवाडे याच गावात राहिले आणि १९२६ मध्ये इथेच वारले. ते असते तर त्यांनी या शब्दाचीही व्युत्पत्ती लावली असती आणि दोन पानांत तो वेदांपर्यंत नेऊन पोहोचवला असता. मी तेवढी समर्थ नसल्याने पिवळ्या कागदाची बारीक चकती कापून ती शिरोरेषेवर चिकटवली. अकरा वाजता आयोजकांनी पंखे लावले आणि चकती उडाली. दुसरी चिकटवली, तीही उडाली. शेजारच्या टेबलावरच्या बिबडे-पापडवाल्या ताईंनी पिठाची खळ करून देऊ का विचारले. तोवर माझा जोर संपला होता. दिवसभरात कितीतरी लोकांनी नाव मोठ्याने वाचले. कोणी हसले नाही, हे विशेष. सगळ्यांनी असेच काहीतरी असणार असे धरून चालले.

दुपारी तीनच्या सुमाराला सोनगीरकडचे एक शेतकरी गृहस्थ पत्नीची वाट पाहत पाहत माझ्या टेबलापाशी आले. त्यांनी फ्लेक्स वाचला, पुन्हा वाचला, टेबलावर बाटल्या दिसतात का ते पाहिले आणि गंभीरपणे विचारले, “ताई, गुलाबी बोंडअळीवर चालतं का हे?”

मी म्हटले, या वह्या आहेत.

त्यांनी एक वही उचलली, पाठीच्या शिवणीवरून अंगठा फिरवला, पाने सोडून पाहिली. मी नऊ वर्षांत पाहिलेल्या गिऱ्हाइकांत एवढ्या बारकाईने वही पाहणारे फार थोडे. “हाताची आहे,” ते म्हणाले. मी हो म्हटले. किंमत विचारली, मी सांगितली. वही त्यांनी जागेवर ठेवली, तिची कड बाकीच्या वह्यांशी जुळवून सरळ केली.

“बोंडअळीवर चाललं असतं तर घेतलं असतं,” ते म्हणाले. मग खिशातले पेन काढून, तीच वही पुन्हा उघडून, पहिल्या पानावर त्यांनी आपला मोबाइल नंबर ठळक अक्षरांत लिहिला. औषध आले की कळवा, म्हणाले.

ती वही आता विकता येत नाही.